माझ्या काट्याने दाखवलेला खोटा आकडा

मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे, मित्रांनो; मी पट्ट्या मोडतो. प्रयोगशाळेत एका दांड्याला मला टांगले आहे. वर उचलून सोडले की मी झोक्यासारखा खाली येतो, वाटेतली पट्टी मोडतो आणि पलीकडे वर चढतो. पट्टी चिवट असली तर माझा जोर तिच्यातच खर्च होतो, मी कमी चढतो आणि तबकडीवरचा काटा मोठा आकडा दाखवतो. मोडतोड हाच धंदा असल्यामुळे माझ्यावर प्रेम कुणी केले नाही. विश्वास मात्र सगळ्यांनी ठेवला.

माझा जन्म ओतशाळेतला. इथे आलो तेव्हा एक म्हातारे कारागीर मला रोज तेलाचे दोन थेंब देत आणि कामाआधी, पट्टी न ठेवता, एकदा रिकामे सोडत. काटा शून्यावर राहिला तरच काम सुरू होई. ते निवृत्त झाले, पडद्याचे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. माझ्या दांड्यावर लोक ओले रुमाल वाळत घालू लागले. माझा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग तेलावाचून कोरडे पडले.

मग एके दिवशी नवे यंत्र बिघडले. अडला हरी गाढवाचे पाय धरी; त्या दिवशीचे गाढव मी होतो.

आमच्या रसायनतज्ज्ञ ताईंना घाई होती. इपॉक्सी राळ कडक असते, पण ठिसूळ. धक्का बसला की काचेसारखी तडकते. त्याच राळेचा कृत्रिम पाय त्यांच्या थोरल्या भावाला बसवला होता. तो जिन्यात तडकला आणि दादा सहा पायऱ्या गडगडत गेले. म्हणून ताईंनी राळेत पातळ रबर ढवळून नवा पाय बनवला होता. शेजारच्या खोलीत दादा तोच चढवत होते. त्याच मिश्रणाची पट्टी मी तपासली की तीन मजले उतरून ते घरी जाणार होते.

मला सोडले. पट्टी मोडली. काटा पाचावर थांबला. जुन्या राळेचा आकडा दोन होता.

"जाऊ द्या त्यांना," प्रयोगशाळेचे साहेब खुशीत म्हणाले. "आकडा उत्तम आहे."

मी मनातून हादरलो. तो सगळा जोर पट्टीने खाल्ला नव्हता, माझ्या कोरड्या बेअरिंगने खाल्ला होता. पण मला तोंड कुठे आहे? बाहेर दादांचा पाय फरशीवर ठक ठक वाजू लागला. आवाज जिन्याकडे जात होता.

ताईंनी मोडका तुकडा उचलून खिडकीशी धरला. मोडलेली बाजू गुळगुळीत, चकचकीत होती. चिवट पट्टीची खरबरीत असते.

"आकडा एक सांगतोय आणि तुकडा दुसरंच," त्या पुटपुटल्या. त्यांनी मला रिकामेच सोडले. वाटेत काहीही नव्हते, तरी काटा तीनावर थांबला. पाचातून तीन गेले, उरले जुनेच दोन.

ताई धावल्या. "दादा, थांब. पायरी उतरू नकोस."

"अगं, आकडा चांगला आलाय ना?"

"खोटा आलाय. आधी खाली बस."

दादा पहिल्याच पायरीवर बसले. ताईंनी तो पाय काढून आत आणला. वरच्या कडेला केसाएवढा तडा गेला होता.

रबर नुसते ढवळले होते, ते राळेला धरलेच नव्हते. आता ताईंनी राळेशी जोडले जाणारे रबर घेतले आणि दोन्ही आधी तासन्तास एकत्र तापवले. नवी पट्टी दुधाळ झाली.

"ही नासली," साहेब म्हणाले.

"नाही. ते रबराचे बारीक कण आहेत. तडा त्यांच्यापाशी अडतो."

मला तेल पाजले, रिकामे सोडले. शून्य. मग पट्टी ठेवली. काटा चारावर थांबला.

"आधी पाच होता," साहेब चाचरत म्हणाले.

"हे चार खरे आहेत," ताई म्हणाल्या.

त्याच दुधाळ राळेचा नवा पाय चढवून दादा निघाले. तीन मजल्यांची एकेक पायरी मी कान देऊन ऐकली. खालचे दार वाजले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, एवढे तर मी सांगणारच. पण मनासारखा आकडा आला की त्याच दिवशी तो पुन्हा तपासा. वाईट आकडा सगळेच तपासतात. चांगला आकडा तपासणारी बहीण प्रत्येक जिन्यापाशी नसते.