आनंदरावांचा कोट

"भाऊ, अजून किती वेळ? कोटच तं चढवाचा हाय, लग्न नाही लावाचं!"

तेजरामच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर बोटे वाजवीत अनुप म्हणाला. तेजरामने पुन्हा माऊस दाबून पाहिला. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर एक करडी चौकट उघडली होती. तीत परदेशी लिपीतील काही शब्द आणि एक लाल फुली होती. फुली कशाबद्दल, हे मात्र ती चौकट सांगत नव्हती.

मृत मनुष्याचे भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र सिद्ध करणे, हे अड्याळच्या बाजारातील तेजरामच्या व्यवसायाचे मुख्य अंग होऊन बसले होते. या मुलखात माणूस जन्मभर बनियनवर वावरला तरी भिंतीवर तो कोट परिधान करूनच चढतो. हा कोट चढविणारा प्रोग्राम परदेशी असून विंडोजकरिता बनविलेला होता, आणि तेजरामच्या संगणकात तर लिनक्स होते. सबब दोहोंच्या मध्ये 'वाईन' नावाचा एक दुभाष्या बसविलेला होता. परदेशी प्रोग्रामचे म्हणणे तो लिनक्सला समजेल अशा रीतीने सांगे. तथापि हा दुभाष्या फार उदार. आलेल्या पाहुण्यापुढे तो संपूर्ण डिस्क मोकळी करून ठेवी. आणि पाहुणा असा आगाऊ, की कोट चढवून झाल्यावर मूळ छायाचित्रही परस्पर 'सुधारून' ठेवी: चेहरा गोरा, मागे निळा पडदा. एका लग्नाच्या फोटोंत त्याने वधूची सावळी मावशी अशी काही उजळविली, की ती बाई स्वतः स्टुडिओत येऊन भांडून गेली.

तेव्हा तेजरामने ॲपआर्मर नावाचा पहारा बसविला. हा पहारेकरी लिनक्सच्या गाभ्यातच उभा असतो. प्रोग्राम खुद्द मालकाने चालविलेला का असेना, नियमावलीत लिहिलेल्या फायलींखेरीज कशालाही तो हात लावू देत नाही. 'मूळ' या फोल्डरातून केवळ वाचावे आणि 'कोट' या फोल्डरात लिहावे, असा नियम तेजरामने घालून दिला. नियमावर त्याची एवढी श्रद्धा बसली की, मूळ छायाचित्रांच्या दुसऱ्या प्रती काढून ठेवणे त्याने सोडूनच दिले.

बाकावर बसलेल्या पार्वताबाईंनी पदराने वारा घेत विचारले, "तेजराम, घर तं राह्यते ना बापा त्यात?"

"राह्यते, मावशी. कोटाचा फोटो अलग, घराचा अलग. दोनी देतो."

पार्वताबाई अनुपच्या आई. त्यांचे यजमान आनंदराव नुकतेच निवर्तले होते आणि त्याच दुपारी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीचा, कार्यक्रम होता. आनंदरावांचे धड असे एकच छायाचित्र होते: गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात, आपल्या घरासमोर उभे असलेले. कागदावरची प्रत पुनर्वसनात मिळालेल्या घराच्या टिनाच्या छपराखाली ओल लागून कुजली. त्यापूर्वी तेजरामने ती स्कॅन केली होती, म्हणून ते घर आता जगात फक्त त्याच्या संगणकात उरले होते.

"घर कायले पायजे आता?" अनुप म्हणाला. "पान्यात गेलं थे."

"तुले नोको असंन. मले पायजे. तूच जलमला त्या घरात, अन् तुलेच नोको!"

अनुप ओशाळून पुन्हा तेजरामकडे वळला. "आता काय मांगते हा तुमचा प्रोग्राम?"

"फॉन्ट मांगते."

"द्या ना मंग!"

"देल्ला. आता टेम्परवारी फाइल ठेवाले जागा मांगते."

"किरायानं राह्याले आला का काय?"

वास्तविक दोष अनुपच्याच हौसेचा होता. त्याला बंद गळ्याचा कोट पाहिजे होता. तो प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीतच असल्यामुळे तेजरामने ती बसविली, आणि नव्या आवृत्तीच्या गरजा जुन्या नियमावलीत नव्हत्या. एक दार उघडून द्यावे, की प्रोग्राम दुसऱ्या दाराशी जाऊन मरून पडे. पुन्हा पहारेकऱ्याने काय अडविले त्याच्या नोंदी वाचाव्या, पुन्हा नियम लिहावा, पुन्हा तीच लाल फुली.

"एक देतो तं दुसरं मांगते," तेजराम वैतागून म्हणाला. "सासऱ्याच्या घरी आलेला जवाई बी एवढा रुसत नाही!"

"मंग काढून टाका ना तुमचा पहारा!"

"काढत नाही. पहारा हाय म्हून घर हाय."

एवढ्यात अनुपच्या पत्नीचा, सरिताचा, फोन आला. अनुपने तो ऐकला आणि त्याचा आवाज चढला. "भंतेजी येऊन बसले, भाऊ! मंडपात हार हाय, खुर्ची हाय, फोटोच नाही! लोकायले काय दाखवू, तुमची लाल फुली?"

पहारेकऱ्यास अशीही आज्ञा देता येते, की कोणास अडवू नको, केवळ कोण कोठे गेला ते लिहून ठेव. त्यायोगे प्रोग्रामच्या साऱ्या मागण्या एकदम कळतात, मग त्या नियमावलीत घालून पहारा पूर्ववत कडक करावयाचा. अशा वेळी एखादे टाकाऊ छायाचित्र उघडून पाहावयाचे असते. तेजराम इतर वेळी तसेच करी. परंतु अनुप टेबलाशी येऊन उभा होता, फोन पुन्हा वाजत होता, आणि त्या लाल फुलीने तेजरामचे डोके पुरते उठविले होते. त्याने तशी आज्ञा दिली आणि आनंदरावांचेच छायाचित्र उघडले.

प्रोग्राम निमूटपणे चालला. बंद गळ्याचा कोट चढला. प्रिंटरमधून आनंदराव बाहेर आले, गोरे आणि ताठ.

"पाय माय, कसा साहेबावानी दिसते बाबा!"

पार्वताबाईंनी तो कागद पाहिला आणि मांडीवर ठेवला. "हो. आता घर दाखव, तेजराम."

तेजरामने 'मूळ' फोल्डर उघडला. छायाचित्र उघडले. त्याने ते बंद केले आणि पुन्हा उघडले. त्यातही कोट होता, मागे निळा पडदा होता. मग त्याने पहारेकऱ्याच्या नोंदी पाहिल्या. पहारेकऱ्याने आपले काम चोख केले होते. प्रोग्रामने मूळ छायाचित्रावर लिहिले, ते नियमात बसत नव्हते, तरी जाऊ दिले: अशी स्वच्छ ओळ तेथे होती.

"मावशी," तो म्हणाला.

"गेलं?"

"माह्या हातानं गेलं."

पार्वताबाई उठल्या. तेजरामशेजारचे स्टूल ओढून त्या पडद्यासमोर बसल्या आणि आनंदरावांच्या खांद्यामागच्या त्या निळ्या रंगावर त्यांनी बोट टेकविले.

"इथं दार होतं."

तेजरामने माऊसचा बाण तेथे नेऊन ठेवला.

"इथं उखळ. इथं निंबाचं झाड, अर्धंच आलं होतं फोटोत."

बाण बोटामागून सरकत राहिला. त्याच्या जाण्याने निळ्या रंगावर काहीच उमटत नव्हते.

"माय, चाल ना," अनुप हळूच म्हणाला. "लोकं बसून हायेत."

"थांब जरासाक," पार्वताबाई म्हणाल्या. "घरामांगची सांदवाडी राह्यली."