गेनोवैतेची जागा

वारेनाच्या रानातून गेनोवैते आजीने टोपलीभर अळंबी आणली, पण या खेपेची जरा निराळीच दिसली. म्हणून तिने सुनेने मोबाइलवर घालून दिलेलं अळंबी ओळखायचं अ‍ॅप उघडलं.

"कोणत्या झाडाखाली सापडली?" अ‍ॅपने विचारलं. आजीने इकडेतिकडे पाहून पाइनऐवजी ओक दाबलं. "जमीन कशी?" रेताड असताना तिने चिखल ठोकून दिला.

अ‍ॅपने लाल अक्षरांत बजावलं: विषारी, फेकून द्या!

"अगं, त्याला तरी खरं सांग!" तव्यात लोणी टाकून बसलेला नवरा, आल्गिस, कळवळला.

आजीने अख्खी टोपली उकिरड्यावर उपडी केली.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, तुला नाही सांगितली ती जागा," ती फणकारली, "आणि ह्या मेल्याला सांगू?"