मधली सीट

दोन बेबी सीटच्या मध्ये त्यानं स्वतःला तिरकं करून कोंबलं, तेव्हा डाव्या कुशीत पट्ट्याचं बक्कल रुतलं. गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले.

"बसलास?" पुढच्या सीटवरून बायकोनं विचारलं.

"बसलो म्हणजे... आहे."

"आई तुझ्यापेक्षा बारीक आहे. तिला जमेल."

"जावईबापू, पोट आत घ्या," उस्ताद म्हणाला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

आवाज खालून आला, फरशी हलल्यासारखा. वॅगन करड्या रंगाची होती, लांब आणि बसकी. मागे जुळ्यांची दुहेरी बाबागाडी आणि चार बॅगा मावतील एवढी जागा, आणि पुढे संसारी माणसाला काडीचं काम नसलेलं इंजिन. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसऱ्याच गाडीचं माहितीपत्रक पडून होतं. ती उंच, सात जणांची, सरकत्या दारांची व्हॅन होती. त्यानं तिच्या मापांखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या होत्या. बायकोनं ते एकदाच चाळलं आणि म्हणाली, "हिच्यात बसलं की शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटेल." मग उस्तादचा फोन आला, की वॅगन विकायला काढतोय, घरच्याच माणसांना द्यावी म्हणतोय. ते 'घरच्याच माणसांना' त्याला आज सकाळपर्यंत खुपत होतं. संध्याकाळी चारला व्हॅनच्या शोरूमची वेळ त्यानं अजून रद्द केली नव्हती. तोवर या गाडीत एक धड खोट सापडली तरी पुरे होती.

लग्नाआधी बायको तीन वर्षं उस्तादच्या शेजारी बसली होती. डोंगरातल्या शर्यतींत गाडी हाकणाऱ्याला वळण दिसायच्या आत ते शेजारच्यानं वाचून दाखवायचं असतं. वही मांडीवर, आकडे तयार. एक म्हणजे कोपरासारखं वळण, सहा म्हणजे नावापुरतं. वाचणाऱ्याचा शब्द चुकला तर दोघंही दरीत. घरात हे सगळं एका जुन्या हेल्मेटच्या रूपानं माळ्यावर होतं, आणि त्याला वाटत होतं की ते तिथंच आहे.

"वाच ना, नकाशा," उस्ताद म्हणाला. गाडी आता खाणीमागच्या टेकडीला लागली होती.

नकाशा. सहा वर्षांत हे नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"काय वाचू? वही कुठंय?"

"वही कशाला? समोर दिसतंय ते वाच. का पोरं झाल्यावर विसरलीस?"

"विसरते कशाला!" ती सरळ होऊन बसली. "उजवं चार, लांब. पुढे शंभर. डावं दोन, आवळतंय. बाहेरच्या कडेला खडी."

तिचा आवाज बदलला होता. सपाट, घाई नसलेला, प्रत्येक शब्द वेळेच्या बरोबर थोडा आधी. या आवाजात तिनं घरात कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. आणि उस्ताद शब्दाला शब्द लावल्यासारखा वळत होता. मागे तो दोन रिकाम्या बेबी सीटना धरून बसला आणि पुढच्या दोन डोक्यांमधली जागा बघत राहिला.

एका चढावर ती हसली, मागे वळून त्याला म्हणाली, "बघ, आईला लागणार नाही ना हे?" आणि पुढे बघून एकदम, "उजवं दोन, आता!" गाडी उशिरा वळली. त्याचा खांदा बेबी सीटवर आदळला.

"गंजलास, उस्ताद," ती म्हणाली.

उस्ताद म्हणायचं आणि वर अरेतुरे. त्यानं खांदा चोळला. शायनिंग मारतोय, त्याला वाटलं. या वयात.

गॅरेजच्या शेडमध्ये परतल्यावर उस्तादनं सर्व्हिसिंगची फाइल काढली आणि न उघडताच तिच्या हातात दिली. "तूच वाच. तुझ्यापासून काय लपवायचंय." लिफ्टवर दुसरी एक गाडी टांगलेली होती, भिंतीला टायरांच्या चळती. ती वाचत होती आणि उस्ताद तिच्याकडे बघत होता. सरळ नाही. चेहरा जरा बाजूला वळवून, तिच्या कानाच्याही पलीकडे कुठंतरी नजर लावून, चोरून बघावं तसा. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. नवऱ्याशी बोलताना मात्र तो अगदी सरळ, नाकासमोर बघायचा. निर्ढावलेला माणूस, त्यानं मनात नोंद केली.

"आता तू चालव," बायको त्याला म्हणाली. "आपण दोघंच जाऊन येऊ."

त्यानं वॅगन सावकाश काढली. गाडी हाताखाली थरथरत होती, दटावून घरात बसवलेल्या पोरासारखी. तोच रस्ता, तीच वळणं. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिसऱ्या वळणाला त्याच्यानं राहवेना.

"मला नाही वाचून दाखवत?"

"तुला? चाळीसच्या वेगाला?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "अरे, त्याला सवय आहे म्हणून."

"सवय! सहा वर्षांनी?"

"ए, तू जळतोयस का?"

"मी कशाला जळू."

"जळतोयस. कान लाल झालेत." तिला मजा वाटत होती. थोड्या वेळानं ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण तो बदललाय हं. पूर्वी मी वाचायचे, तरी त्याची स्वतःची नजर रस्त्यावर असायची. माझं चुकलं तर शिव्या घालून नीट वळायचा. आज मी तुझ्याशी बोलत राहिले, तर तोही सरळच जात राहिला. मी 'आता' म्हटलं तेव्हा वळला."

त्यानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. सीट नीट करतो."

सीट नीटच होती. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. अठरा वर्षं तो रोज माणसांचे नंबर काढत होता, आणि आठवड्याला एक तरी असं गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, जे तक्त्याकडे सरळ न बघता मान वळवून बघतं. नजरेच्या मधोमध डाग पडलेला असतो. सरळ पाहिलं की समोरची गोष्ट त्या डागात जाते, म्हणून कडेनं बघावं लागतं. असे लोक त्याला दारातून आत येतानाच कळायचे. त्यांना लगेच मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवायचं, गाडी चालवू नका म्हणून दोनदा बजावायचं, हा त्याचा नियम होता. आणि आज सकाळपासून तो एका माणसाची नजर कुठं जाते ते बघत बसला होता. डोळे बघितलेच नव्हते.

हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग बाकीचं लक्षात आलं. फाइल तिच्याकडे दिली, ती वाचता येत नव्हती म्हणून. ठीक. रस्ता तिच्याकडून वाचून घेतला, तेही ठीक. पण त्याच्याशी बोलताना उस्ताद सरळ बघत होता, म्हणजे त्याच्या चेहऱ्याच्या जागी डाग बघत होता आणि त्यावर त्याचं भागत होतं. मान वळवायची तसदी त्यानं एकाच चेहऱ्यासाठी घेतली होती.

"झाली का नीट?" बायकोनं विचारलं.

"झाली."

ते परतले तेव्हा तिच्या आईचा फोन आला. जुळ्यांपैकी एकीनं दुसरीला चावलं होतं. ती बोलत बोलत शेडच्या बाहेर गेली.

"कशी वाटली, जावईबापू?" उस्तादनं त्याच्याकडे सरळ बघून विचारलं.

"माझं नाक दिसतंय का तुम्हाला?"

"दिसण्यासारखं आहे का?" उस्ताद हसला. हा हसला नाही, तेव्हा उस्तादचंही हसू उतरलं. त्यानं बाकावरचं फडकं चाचपून उचललं आणि स्वच्छ असलेले हात पुसले.

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"दाखवलंत कुठं?"

"दोन ठिकाणी. डोळ्यात सुया देतात. गेलं ते गेलं म्हणतात, उरलंय ते टिकवू."

"आणि आम्हाला घेऊन टेकडीवर गेलात."

"ती होती ना शेजारी," उस्ताद म्हणाला. ब्रेक होते ना, असं कुणी म्हणावं तसं.

"माझ्या दोन पोरी आहेत घरी."

"हो." फडक्याची घडी झाली, मोडली, परत झाली. "चुकलं माझं. एकदाच हवं होतं. तिला बोलू नका."

बाहेर बायको फोनवर कुणाला तरी सॉरी म्हणायला लावत होती. सकाळपासून शोधत होता ती खोट आता त्याच्या हातात होती, तीही खरीखुरी. एक वाक्य बोलायचा अवकाश, ती त्या वॅगनला परत हात लावणार नव्हती, आणि हा माणूसही त्यांच्या घरातून कायमचा गेला असता. चारला अजून दीड तास होता. व्हॅनची दारं सरकती होती.

"ठरलं का तुमचं?" ती आत आली. गाल तापलेले, नजर वॅगनवर. मागायचं नाही असं ठरवून उभ्या राहिलेल्या माणसाची असते तशी.

त्यानं उस्तादपुढे हात केला. "किल्ली द्या."

"कागद सोमवारी होतील," उस्ताद म्हणाला.

"कागद होऊ देत. किल्ली आज. दुसरी असेल तीही." मग हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही असं, "रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात आल्या. त्यानं एक बायकोला दिली.

"मी नेऊ?" ती म्हणाली. "घरापर्यंत? मी?"

"मग काय, सासूबाईंना बोलावू?"

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. वॅगन शेडमधून निघाली, फाटकाशी जराशी थबकली आणि मग तिचा आवाज बदलला.

तो आपल्या जुन्या छोट्या गाडीकडे वळला. उस्ताद दारात उभा होता, हातात अजून फडकं.

"मला घरापर्यंत सोडाल? पायी गेलो असतो, पण मध्ये मोठा चौक आहे."

त्यानं दार आतून उघडून दिलं. उस्ताद बसला, पट्ट्याचं टोक सापडेना, तेव्हा ते यानं लावलं. पुढे बऱ्याच अंतरावर वॅगनचे मागचे दिवे एकदा लागले.

"ब्रेक लावला तिनं?"

"हो. वळणाच्या आधी."

"वळणात नाही ना?"

"नाही."

उस्तादनं मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवून तो बसला होता, शिकाऊ माणूस बसतो तसा. "तीन वर्षांत एकदाही चालवू दिली नाही मी तिला."

"का?"

"माझ्यापेक्षा बरी चालवली असती तर?"

वळण आलं. ते पार करून पुढचा सगळा सरळ रस्ता समोर आला, उन्हात, दोन्ही कडांपर्यंत रिकामा.

"दिसते का ती?" उस्तादनं विचारलं.

त्यानं पाय थोडा दाबला. जुन्या गाडीनं कुरकुर केली.

"नाही," तो म्हणाला.