फ्रीझरमधले सात जण

मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली म्हणजे आमच्या संस्थेचं कार्यालय. भिंतीवर ट्यूब लटकलेल्या, हवेत रबराचा आणि ग्रीसचा वास, मध्ये एक टेबल आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या चार खुर्च्या. संस्था माझ्या धाकट्या भावाच्या नावाची. उंची सहा फुटांच्या वर, म्हणून घरात सगळे त्याला ठेंगू म्हणायचे. चौतिसाव्या वर्षी त्याच्या नसांनी संप पुकारला. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. तीन वर्षांत खेळ खलास. त्याच्या मागे आई, मामा आणि मी अशा तिघांनी ही संस्था काढली आणि या आजारावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेला मदत करू लागलो. प्रयोगशाळा मीच सुचवली होती. पाच वर्षं झाली त्याला.

मदत चालू ठेवायची की थांबवायची, ते आज ठरायचं होतं.

"पाय हलवणं बंद कर," आई म्हणाली. "टेबल थरथरतंय."

पाय थांबवला, तर हात पेनाच्या टोपणाशी खेळायला लागले. मी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. केसाएवढा फरक पडला तरी काच फुकट जाते, त्यामुळे हात स्थिर ठेवायची मला चांगली सवय आहे. पण त्या सकाळी जीव नुसता खालीवर होत होता. उठून खिडकी उघडली. गार वारा आला म्हणून मामा ओरडला. बंद केली, परत बसले.

"हिला आज मुंग्या चावतायत की काय?" मामा म्हणाला.

"चावू देत. तू बोल काय बोलायचं ते."

समोर प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. सरळ बाई. "औषध सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पेशी कुठून मरायला सुरुवात होते, त्याचा थोडा अंदाज आलाय. आणखी किती वर्षं लागतील, ते मी सांगू शकत नाही." मी मनात म्हटलं, अगं माझे आई, जरा तरी रंगवून सांग!

"बाई, राग मानू नका," मामा म्हणाला. "पण पाच वर्षं झाली आणि हाती काय, तर भोपळा. त्यापेक्षा आपण चाकाच्या खुर्च्या देऊ. मी स्वतः दुरुस्त करत जाईन. निदान माणूस खुर्चीत बसलेला तरी दिसेल. आपल्या ठेंगूला त्याच्या मापाची खुर्ची मिळायला दीड वर्ष लागलं, विसरलात?"

कोण विसरेल? खुर्ची आली तोवर त्याची मान धरेनाशी झाली होती. मामाचं काहीच चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. आईनं मान डोलावली.

"आणि यांच्या कामाचं काय?" मी विचारलं. आवाज नको तेवढा चढला.

"बंद पडेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फ्रीझर रिकामा करावा लागेल."

"कसला फ्रीझर?" आईनं विचारलं.

"या आजारानं गेलेल्या सात जणांचे मेंदू आमच्याकडे आलेत. त्यांचे नमुने असतात त्यात. नावं आम्हालाही ठाऊक नसतात, नुसते नंबर. दुसऱ्या कुणी घेतले नाहीत, तर नियमाप्रमाणे नष्ट करायचे."

त्या सातांतला एक नंबर माझ्या पर्समध्ये होता. प्रयोगशाळेनं हॉस्पिटलमार्फत पाठवलेल्या आभाराच्या पत्रावरचा. सहा वर्षं मी तो घेऊन फिरत होते.

ठेंगूनंच सांगितलं होतं. तेव्हा त्याची वाचा गेलेली. मी अक्षरांच्या पाटीवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की तो डोळे मिटायचा. "जन्मभर आळशी म्हणालात. मेल्यावर तरी कामाला लावा." एवढ्याला चाळीस मिनिटं लागली. वर आणखी दोन शब्द: "आईला नको." आणि त्याच आठवड्यात आईनं माझा हात धरला. "आता पुरे झालं. गेल्यावर त्याला सुई नाही, सुरी नाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही. शब्द दे." मी दिला. दोघांनाही दिला. तो गेला त्या दिवशी मेंदू द्यायला जवळच्या एका नातेवाइकाची सही लागत होती, ती मी केली. आई बाहेर बाकावर बसून होती.

आता गप्प बसले तर माझ्या भावाला कचऱ्यासारखं फेकून देणार. बोलले तर आई कायमची तुटणार. मी पुन्हा उठले. कुठे जायचं ते सुचेना, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले.

"एक विचारू का बाई?" आई म्हणाली. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. "कुठल्या आईला देववलं असेल हो हे?"

"ते मला माहीत नसतं."

"आईनं नाही दिलं," मी म्हणाले. "बहिणीनं दिलं."

"काय बरळतेस?" मामा म्हणाला.

मी पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाटी, शब्द, सही. एका दमात, मध्ये कुणाला तोंड उघडू न देता. आईनं पत्राला हातही लावला नाही.

"त्या दिवशी चार तास मी बाकावर होते," ती म्हणाली. "तू मला पाणी आणून दिलंस."

"हो."

"आणि म्हणालीस, कागदांवर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलाय."

"हो."

"ताई, अगं त्याचीच इच्छा होती ना..." मामानं सुरुवात केली.

"तू गप रे."

तिनं मला एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. पण ती डॉक्टरबाईंकडे वळली.

"किती उरलाय तो?"

डॉक्टरबाईंनी पत्रावरचा नंबर वाचला, जवळची वही काढून दोन पानं उलटली. "अर्ध्याहून थोडा कमी. पातळ काप करून तपासावं लागतं, त्यात..." त्या थांबल्या.

"बोला. कळतं मला."

"त्यात संपत जातं."

आईनं हात वर केला. "फ्रीझर रिकामा करायचा नाही. खुर्च्यांचं पुढच्या वर्षी बघू." मामानं निमूटपणे हात वर केला. मीही केला. इतका वेळ छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि मला रडूच फुटलं. मी आईचा हात धरायला गेले. तिनं तो मांडीवर ओढून घेतला.

"बाई, माझा फोन नंबर लिहून घ्या," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "शेवटचा तुकडा संपेल, त्या दिवशी मला फोन करा. हिला नको. मला करा. या खेपेला तरी माझा मुलगा गेलेला मला वेळेवर कळू दे."