इस्कोट

दिवसातून दहा वेळा तरी हा शब्द विजयमालेच्या तोंडून निघायचा. कोंबडीनं निवडलेली बाजरी उधळली की इस्कोट. दोरी तुटून धुणं मातीत पडलं की इस्कोट. शेजारच्या दोघा भावांनी बांधावरून डोकी फोडून घेतली, तो तर मोठाच इस्कोट. वस्तू ठेवल्या जागी दिसली नाही तर या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. पाथर्डीकडच्या त्या वाडीवर बायका तिला हसायच्या, आणि आपल्या सुनांना मात्र तिचंच घर दाखवायच्या.

अशा बाईच्या पदरात देवानं सून घातली आरती. कामाला दणकट, आवरायला आळशी. भाकरी झाल्या की पिठाची परात तिथंच, वेणी झाली की कंगवा चुलीशेजारी, आणि कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवलेली. आरसाही तिनं स्वतःच्या उंचीला ठोकून घेतला होता, आणि ती चांगली उंचपुरी. विजयमालेला त्यात बघायचं तर टाचा उचलाव्या लागत. सासू ओरडली की आरती हसून म्हणे, "आत्याबाई, इस्कोट हाय म्हंजी घरात मानसं हायती." सासूला मग आणखीच राग येई.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि ऊसतोडीचा ट्रॅक्टर ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच दारात उभा राहिला. मुकादमाचा हात हॉर्नवरून निघेना. अजिनाथ आणि आरती, नवरा-बायको मिळून एक कोयता, सहा महिन्यांसाठी कारखान्यावर निघालेले. सहा वर्षांची निकिता शाळेसाठी आजीपाशी राहणार होती. गाठोडी बांधता बांधता आरतीनं अख्खं घर उलथंपालथं केलं. अर्धी भाकरी ताटात, जुनी चप्पल उंबऱ्यात, कंगवा नेहमीप्रमाणे चुलीशेजारी. ट्रॉलीत चढताना ती ओरडली, "राहू द्या समदं तसंच! म्या आल्यावर आवरते!"

आता, माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढत नाहीत. पोचल्याचा निरोप येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही, नाहीतर जाणाऱ्याची परतीची पावलं झाडली जातात. विजयमालेला तिच्या आईनं हे शिकवलं होतं, आणि तिनं ते जन्मभर पाळलंही होतं. पण त्या दिवशी राग डोक्यात गेला. ट्रॅक्टर ओढ्यापलीकडे अजून दिसत होता आणि हिनं केरसुणी उचलली. कंगव्यातले केस काढून चुलीत घातले, टिकली नखानं खरवडली, चप्पल खाटेखाली फेकली. सगळा केर उकिरड्यावर टाकून ती आली तेव्हा घर कसं लख्ख झालं होतं. तिला फार बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात उसाच्या फडात आरतीला साप चावला. दवाखाना गाठेपर्यंत ती गेली.

वाडी म्हणाली, नशीब. अजिनाथ म्हणाला, गाडी वेळेवर मिळाली नाही.  तिकडच्या सापाला इकडं कोण झाडतंय याचं काय, हे विजयमालेलाही कळत होतं. बाई खुळी नव्हती. पण केरसुणी हातात घेतली की तिची नजर आधी ओढ्यापलीकडं जायची.

आणि तेराव्यानंतर घर इस्कटायला लागलं. कपाटात ठेवलेला कंगवा चुलीशेजारी दिसायचा. खाटेखालची चप्पल उंबऱ्यात. घासून पालथ्या घातलेल्या ताटात अर्धी भाकरी. तिनं आवरावं, चार दिवसांनी पुन्हा तेच. मग एका सकाळी आरशावर लाल टिकली दिसली. तिनं टाचा उचलून ती काढली. पोळ्याच्या दिवशी पुन्हा होती.

तिनं अंगारा आणला, दाराला लिंबू बांधलं, पण कुणाला बोलली नाही. बोलायचं तर त्या दिवशी केर काढल्याचं सांगावं लागलं असतं. मग अजिनाथनं नुसतं बघितलं असतं तिच्याकडं, आणि ते बघणं तिला सोसवलं नसतं. इस्कोट हा शब्द तर तिनं सोडूनच दिला. आरती आपली झाडून टाकलेली पावलं मागायला येते हे तिला ठाऊक होतं, आणि सून तर गेलीच, आता लेकालाही नेते की काय, या धास्तीतच तिनं वर्ष काढलं.

यंदा अजिनाथ एकटाच निघाला. बायको नाही म्हणजे अर्धा कोयता. मुकादमानं त्याला दुसऱ्या एका अर्ध्या कोयत्याशी जोडून दिलं होतं. गाठोडं खांद्यावर टाकून तो सहज म्हणाला, "आये, लई इस्कोट झालाय. मी गेलो की केर काढून घे."

"न्हाई!" विजयमाला एवढ्यानं ओरडली की मुकादमानं मान वळवली.

ट्रॅक्टर गेला. केरसुणी कुठंतरी लांब टाकावी म्हणून ती आत वळली, तर कोपरा रिकामा.  नेली, तिनंच नेली. मग तिचं लक्ष निकिताकडं गेलं. पोर धान्याच्या कोठीच्या झाकणावर मांडी घालून बसली होती.

"ऊठ तिथून."

"न्हाई."

"कोठीत काय हाय?"

"केरसुनी." निकितानं झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "तू झाडशील. मागल्या बारीला झाडलंस. मम्मीचा ट्रॅक्टर दिसत हुता तवर झाडलंस."

विजयमाला भिंतीला टेकून खालीच बसली. वर्षभर हे तिला आणि मेलेलीलाच ठाऊक आहे असं ती समजत होती.

"पप्पाला सांगितलंस?"

"न्हाई. तू रडली असतीस."

"बाई गं..."

"मम्मी म्हनली हुती, तसंच राहू द्या, म्या आल्यावर आवरते. तू समदं आवरलंस. मंग ती कशापायी यील? म्हनून म्या परत मांडून ठेवते. चप्पल, कंगवा, भाकर."

म्हातारी मोठ्यानं रडली. वर्षभराचं साठलेलं होतं ते. "चुकलं माजं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि पोरीनं कोठीवरून न उतरताच तिच्या डोक्यावर हात ठेवला. रडून झाल्यावर विजयमालेनं पदरानं डोळे पुसले.

"आन् ती टिकली? तितं वर कशी गं पोचलीस?"

"कुटली टिकली?"

दोघींनी आरशाकडं पाहिलं. होती.

दिवेलागणीला अजिनाथचा फोन आला, सुखरूप पोचलो म्हणून. पाठोपाठ शेजारची गोजरबाई विरजण मागायला आली आणि दारातच थबकली. घरात ताट, कंगवा, कपडे, सगळं जिथल्या तिथं पडलेलं.

"इजयमाला, अगं केवढा ह्यो इस्कोट! पोचला न्हवं तुजा अजिनाथ? मंग झाड की आता."

"राहू दे. घरची मानसं यायची हायती. आल्यावर आवरतील."

"मानसं? अजिनाथ तर एकलाच गेलाय."

 विजयमाला वाकली आणि उंबऱ्यातली जुनी चप्पल तिनं हलकेच घराकडं तोंड करून फिरवली, बाहेरून येणाऱ्याला सहज पायात घालता येईल अशी.