सालींची बादली

पैज जिन्यातच लागली. साहेब हरले तर इमारतभरच्या सालींची बादली डोक्यावर घेऊन मागच्या खतखड्ड्यापर्यंत जाणार. मी हरलो तर त्यांची गाडी दातांच्या ब्रशने धुणार.

माझं टाळकंच सटकलं होतं. माझी भाची वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या साहेबांच्या प्रयोगशाळेत बारीक कृमी पाळते. घातक जिवाणू पुढ्यात ठेवले की तिथले जुने कृमी ते खात बसतात आणि मरतात. तिने खतखड्ड्यातून आणलेले, त्याच जातीचे, मात्र काढता पाय घेतात. साहेब म्हणाले, "कृमी सगळे सारखेच. तूच बशांत काहीतरी घाण मिसळलीस. उद्यापासून येऊ नकोस."

"सारखे?" मी ओरडलो. "शिळं दिसलं की तुमचा सख्खा भाऊ ताट सरकवतो, तुम्ही बोटं चाटता!"

जिना खदखदला आणि तिथेच पैज लागली: खड्ड्यातले पुन्हा पळाले तर साहेब हरले. चिडलेल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने नव्या बशा मांडल्या. दोन दिवसांनी भिंगाखाली जुने कृमी जिवाणूंतच मरून पडले होते आणि खड्ड्यातले कडेला मजेत वळवळत होते.

"जन्मतःच फरक असतो, मामा," भाची म्हणाली.

रविवारी साहेब बादली घेऊन निघाले. गॅलऱ्या भरल्या होत्या. खड्ड्याशी मी आडवा उभा राहिलो.

"आता काय?"

"बादली पैजेची झाली. पोरीला बोललात त्याचं काय?"

गालावर बटाट्याची साल. साहेब भाचीकडे बघून पुटपुटले, "चूक माझी. उद्या कामावर ये."

"ऐकू नाही आलं!" वरून कुणीतरी ओरडलं.

साहेबांनी तेच ओरडून सांगितलं. मगच मी बाजूला झालो.