माडीवरची औटकी

"हात थांबला की तोंड थांबतंय तुजं. हात थांबवू नको," द्वारकाबाई म्हणाल्या.

झुंबर मांडी घालून बसली होती आणि समोर नसलेलं जातं ओढत होती. डोळे गच्च मिटलेले, उजवा हात गरगर फिरतोय आणि तोंडातून सतराचा पाढा न अडखळता पडतोय. हीच झुंबर हात बांधून उभी केली की सतरा दुणे काय, हे तिला बापजन्मी ठाऊक नसायचं. शेतकऱ्याची पोर. पहाटे आईबरोबर दळायला बसायची आणि ओव्या शेकड्याने पाठ. ओवी पाठ होते तर पाढा का नाही, असं द्वारकाबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी तिला वर्गात दळायला बसवलं.

द्वारकाबाई मूळच्या वडीगोद्रीच्या. घरी शेती, लवकर आलेलं रंडकेपण, आणि लोक काय म्हणतील याची फारशी पर्वा नसलेला एक भाऊ. त्याने बहिणीला औरंगाबादेला मास्तरकी शिकायला धाडलं. तिथे शिकवलेलं त्या निम्मं विसरल्या होत्या. बापाचं एक वाक्य मात्र पक्कं लक्षात होतं, की काळ्या रानाची अन् मुरमाड रानाची पेरणी एका दिवशी करणारा माणूस शेतकरी नव्हे, सरकारी कामगार. आता त्या स्वतःच निजामाच्या सरकारी कामगार होत्या, ही गोष्ट वेगळी.

द्वारकाबाईंची नेमणूक असलेल्या जुन्या जालन्यातल्या मुलींच्या शाळेची भिंत पावसाळ्यात बसली, तेव्हा रामनिवास शेठनी आपल्या धान्याच्या दुकानावरची माडी शाळेला दिली. भाडं घेतलं नाही. माडीला फळ्यांची जमीन, आणि फळ्यांना फटी. खाली तुरीची पोती झटकली की वर मुली शिंकायच्या आणि वर पाढे सुरू झाले की खाली मुनीम काकासाहेबांची पोत्यांची मोजदाद बारगळायची. शेठ सकाळी गल्लीच्या कोपऱ्यापासूनच खाकरत यायचे. घरात सुना, दुकानावर मुलींची शाळा. पुरुषमाणसाने आपण येतोय हे आधी कळवायचं, ही रीत. मुली तेवढ्यात ओढण्या-पदर सारखे करून बसायच्या.

चौथीत तिघीच मुली होत्या. झुंबरचं जात्यावर भागलं. दुसरी दुर्गा. आधीच्या बाईंनी तिला मठ्ठ ठरवून कोपऱ्यात बसवलेलं. तिला नीट दिसतच नाही, हे द्वारकाबाईंना कळलं ते ती एकदा शेजारणीच्या वेणीला दोरी समजून ओढायला गेली तेव्हा. तिला त्यांनी खिडकीशी आणलं आणि जमिनीवर रांगोळीने हातभर मोठी अक्षरं काढून दिली. दुर्गा त्यांवर बोट फिरवत वाचायला लागली आणि दिवाळीपर्यंत पुस्तकावर आली. नाक पुस्तकाला टेकायचं, पण वाचायची खडाखडा.

तिसरी राजकुमारी. इथे द्वारकाबाईंची सगळी शेती बुडाली.

राजकुमारी बंकटलाल कापडवाल्यांची मुलगी. गोरी, नीटनेटकी, वेळेवर येणारी आणि तोंडातून अवाक्षर न काढणारी. पाटीवर सगळं बरोबर यायचं. झुंबरच्या पाटीवर बघून लिहिते म्हणावं, तर झुंबरचंच चुकलेलं असायचं. पण वाचायला उभी केली की ओठ घट्ट. द्वारकाबाईंनी तिला जात्यावर बसवलं, रांगोळी दिली, चिंचोके दिले, गूळ दिला. शेवटी एकदा वैतागून चिमटाही काढून पाहिला. 'आई गं'सुद्धा आलं नाही.

आणि ही चिंता निव्वळ हौसेची नव्हती. तपासणीला येणाऱ्या बेगमसाहेबांनी मागच्या खेपेलाच स्पष्ट बजावलं होतं. चौथीत मुली तीन. तिघी वाचनात आणि तोंडी हिशेबात पास झाल्या तर चौथीचा वर्ग राहील. एक जरी नापास झाली, तर एवढ्याशा वर्गासाठी सरकार बाई ठेवणार नाही, शाळा तिसरीपर्यंतच. म्हणजे झुंबर घरी, दुर्गा घरी. आणि मुलगी एकदा घरी बसली की पुन्हा शाळेत येते ती आपल्या लेकीचा हात धरून, तीही आली तर.

माघात एक दिवस दुकान बंद होतं. शेठ मुनिमाला घेऊन सेलूला भाच्याच्या लग्नाला गेले होते. माडीचा जिना बाहेरून, त्यामुळे शाळा भरली. द्वारकाबाईंनी झुंबरला औटकी विचारली. साडेतीनचा पाढा तो, भल्याभल्यांना घाम फोडणारा. झुंबरने हात फिरवायला सुरुवात केली आणि पाच औटे अठरा म्हणून मोकळी झाली.

"साडेसतरा," कोणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा नव्हता. द्वारकाबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग राजकुमारी उभी राहिली आणि पोतं फुटावं तशी बोलत सुटली. औटकी म्हणून दाखवली, पुस्तकातले दोन धडे वाचले, दुर्गाने चुकीची म्हटलेली एक कविता दुरुस्त केली, आणि वर झुंबरला म्हणाली, की तू जातं उलटं फिरवून राह्यलीस, पीठ कसं पडंल? दिवसभर तिचं तोंड मिटलं नाही. द्वारकाबाई आनंदाने रात्री जेवायचं विसरल्या.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून शेठ खाकरले, आणि राजकुमारीचे ओठ पुन्हा मिटले.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई बंकटलालांच्या घरी गेल्या. राजकुमारीची आई पानबाई पापड लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि यात विचारण्यासारखं काय आहे, अशा नजरेने बाईंकडे पाहिलं. राजकुमारीची सगाई रामनिवास शेठच्या धाकट्या मुलाशी होऊन दोन वर्षं झाली होती. खाली गादीवर सासरा बसलेला. त्याच्या कानावर सुनेचा आवाज जाणार कसा?

"पन लगीन कुठं झालंय अजून?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"लग्न राह्यलंय, बाईजी. लाज थोडीच राह्यलीय?" पानबाई म्हणाली.

द्वारकाबाई परत येताना वाटेत स्वतःशीच हसल्या. आपल्या सासऱ्यांशी त्या स्वतः दीड वर्षात एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हातारा गेला तेव्हा हंबरडा फोडला, तोच काय तो त्यांचा आवाज त्याच्या घरात उमटला. पण लग्नाआधीच लाज धरायची रीत त्यांच्या शेतकरी घरात नव्हती, म्हणून ती डोक्यात आली नाही. पोरीला वाचा नाही असं नव्हतं. वाचेवर सासरा बसला होता.

उपाय त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढला. राजकुमारीला शेजारी घेतलं, स्वतःचा कान तिच्या तोंडाशी नेला आणि म्हणाल्या, माझ्या कानात वाच. ती वाचू लागली. कानाला गुदगुल्या व्हायच्या, पण वाचन स्वच्छ होतं. धडे झाले, कविता झाल्या, औटकी झाली. बाकीच्या मुली म्हणायच्या, बाईच्या कानात राजकुमारीची शाळा भरते.

पण तपासणी कानात होत नाही. बेगमसाहेबांचा नियम असा, की मुलगी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचली पाहिजे. दुसऱ्या जागी तपासणी घ्यावी तर बेगमसाहेब पडद्यातल्या, देवळाच्या ओट्यावर किंवा कोणाच्या ओसरीवर बसणार नाहीत. म्हणजे माडीच. आणि माडीखाली गादी.

तपासणी दोन दिवसांवर आली, तेव्हा द्वारकाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. शेठ भला माणूस होता, पण मालक होता. बाईंनी सगळं सांगितलं आणि तपासणीच्या वेळेपुरतं शेठजींनी बाहेर जावं, अशी विनंती केली. शेठ बराच वेळ पोत्यातली तूर ओंजळीत घेऊन परत सोडत राहिले.

"बाजाराचा दिवस हाय तो, बाई. आष्टीपासून गाड्या येतेत. आन् समजा उठलो. गाव काय म्हनंल? सून घरात आली न्हाई तंवर सासऱ्याला गादीवरून उठवलं म्हनंल. तिच्याच नावाला बोल लागंल ना?"

शेठ खरं बोलत होते. गाव असंच म्हणणार. द्वारकाबाई नमस्कार करून वर गेल्या आणि दुर्गाची रांगोळीची अक्षरं पुसून तीच पुन्हा काढत बसल्या.

तपासणीच्या दिवशी गल्लीत बैलगाड्यांची रांग लागली होती. पडदा लावलेला टांगा कसाबसा वाट काढत आला. बेगमसाहेब वर आल्या, बुरखा खुंटीला लावला, खुर्चीवर बसल्या. पैठणला वाढलेल्या, मराठी बारीकसारीक समजायची, बोलायच्या मात्र उर्दूच. खाली शेठ गादीवर होते. त्यांचा आवाज फटींमधून स्वच्छ येत होता.

झुंबर बसली आणि हवेत दळायला लागली. बेगमसाहेबांच्या भुवया वर गेल्या, पण पाढा बरोबर होता. दुर्गाने पुस्तकाला नाक लावून धडा वाचला. बेगमसाहेब म्हणाल्या, या मुलीला चष्मा हवा, आणि पास केलं. मग राजकुमारी उभी राहिली.

बेगमसाहेबांनी औटकी विचारली. राजकुमारीने मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं. द्वारकाबाईंनी पुढे होऊन विनवलं, की मुलीला सगळं येतं, साहेबांनी फक्त कान पुढे करावा. बेगमसाहेब म्हणाल्या, कानातलं आम्ही लिहू शकत नाही. आणि त्यांनी पेन्सिल उचलली. झुंबर आणि दुर्गा त्या पेन्सिलीकडे पाहत राहिल्या. वर्षभराची पेरणी डोळ्यांदेखत करपत होती, आणि दोष द्यायला एक माणूसही सापडत नव्हता.

खाली शेठ खाकरले.

राजकुमारीने सवयीने ओढणी पुढे ओढली. पण शेठ तर आत बसलेलेच होते. आत बसलेला माणूस आता कुठे यायचा राहिला होता? मग जोडे सरकल्याचा आवाज झाला. पुन्हा खाकरणं ऐकू आलं, या वेळी रस्त्यावरून. मग गाड्यांच्या पलीकडून. दर खाकरणं आधीच्याहून लांब आणि आधीच्याहून मोठं. खाली हमाल कडूबा कोणाला तरी विचारत होता, की शेठला सर्दी झाली का काय. काकासाहेब त्याच्यावर खेकसले, गप पोतं उचल.

माणूस येताना खाकरतो, हे द्वारकाबाईंना जन्मापासून ठाऊक होतं. जाताना खाकरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा ऐकला. गावाच्या लेखी शेठ कोणासाठी उठले नव्हते, कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त खोकला झाला होता.

बेगमसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली होती. त्यांच्याही घरी सासरे असणार.

"रुकेंगे," त्या म्हणाल्या.

गल्लीच्या पार टोकाकडून, निंबाच्या झाडाकडून, शेवटचं खाकरणं आलं. घसा फाटेल असं. राजकुमारीने मान वर केली.

"एक औट औट," ती म्हणाली. आवाज कापत होता. "दोन औटे सात. तीन औटे साडेदहा." चारपाशी कापरं गेलं. पाच औटे साडेसतरा म्हणताना तिने झुंबरकडे पाहिलं, आणि सहापासून ती अशी सुटली, की खाली काकासाहेबांनी मोजदाद थांबवली. औटकी झाली, धडा झाला. बेगमसाहेबांनी तिला पाठीवर थोपटलं आणि तिघींच्या नावापुढे एकच खूण केली. द्वारकाबाईंना बसावंसं वाटलं आणि त्या तिथेच, दुर्गाच्या रांगोळीच्या अक्षरांवर, बसल्या.

टांगा गेल्यावर शेठ परत आले. नेहमीसारखे कोपऱ्यापासून खाकरत. घसा बसला होता. द्वारकाबाई आभार मानायला खाली गेल्या, तर त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. मुलगी पास झाली का, हेही विचारलं नाही. इकडंतिकडं बघत म्हणाले, "निंबाखाली गेल्तो जरा. हवा खायला. तिथं कायबी ऐकू येत न्हाई बरं का, बाई. बिलकुल न्हाई."

बाई म्हणाल्या, चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तपासणी नव्हती. चौथी आता राहणारच होती. द्वारकाबाईंनी पाढ्यांची वेळ झाली म्हणून सवयीने आपला कान राजकुमारीच्या तोंडाशी नेला. राजकुमारीने मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. ती खालचं ऐकत होती.

जोडे सरकले. शेठ दुकानात एकदा खाकरले. मग गल्लीत. मग लांब निंबापाशी.

राजकुमारी उभी राहिली आणि तिने औटकी सुरू केली.